शिफारशीची दलाली

संध्याकाळीं कल्याण सोडून बदलापूरकडे निघालेली लोकलगाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशीं स्टेशनें घेत पुढें जाते. मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून बदलापूर सुमारें ६८ किलोमीटर. रोज मुंबईस जाऊन येणाऱ्या माणसाच्या आयुष्यांतले दिवसाकांठीं तीन तास तरी या गाडींत जातात. पूर्वी हे तास भजनांत, पत्त्यांच्या डावांत, भाजी निवडण्यांत जात. आज त्यांतले पुष्कळसे हातांतल्या मोबाइलवर जातात. आणि तेथेंच एखाद्या दिवशीं ओळखीच्या माणसाकडून चार ओळी येऊन पडतात: 'घरबसल्या स्पॅनिश शिका. मीहि शिकतों आहे. खालच्या लिंकवरून नांव घाला.'

वाचणाऱ्याला दिसतें तें एवढेंच कीं, शेजारच्या बिऱ्हाडांतल्या मुलानें किंवा शाळेंतल्या जुन्या मैत्रिणीनें एक चांगली गोष्ट आपुलकीनें कळविली. न दिसणारी गोष्ट ही कीं, त्या लिंकमध्यें कळविणाऱ्याची एक खूण गुंफलेली असते. वाचणाऱ्यानें फी भरली तर त्या फीचा ठराविक हिस्सा कळविणाऱ्याच्या पदरांत पडतो. या व्यवस्थेला इंग्रजींत ॲफिलिएट प्रोग्रॅम म्हणतात. मराठींत तिला शिफारशीची दलाली म्हटलें तर चुकायचें नाहीं. दलाली या शब्दानें नाक मुरडण्याचेंहि कारण नाहीं. घर, गुरें, धान्य, कापड, लग्नाचें स्थळ यांपैकीं कोणतीहि गोष्ट मध्यस्थावांचून जमली असें आपल्या समाजांत फार थोड्या वेळां घडलें असेल. प्रश्न दलाली असावी कीं नसावी, हा नव्हे. प्रश्न असा कीं, शिकवणीसारख्या वस्तूची दलाली कशाबद्दल द्यावी: फी भरून घेतल्याबद्दल, कीं विद्यार्थी शिकल्याबद्दल?

स्पॅनिशसारखी दूरची भाषा कल्याणपलीकडच्या या तीन गांवांत कशी आली, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. परंतु जगांतल्या सुमारें ५० कोटी माणसांची ती मातृभाषा आहे आणि २० देशांचा राज्यकारभार तींतून चालतो. भारतांतून मोटारी, औषधें आणि रसायनें मेक्सिको, कोलंबिया, चिली, पेरू या देशांना जातात. त्यांचीं कागदपत्रें, त्यांची विचारपूस, त्यांच्या तक्रारी या सर्वांना स्पॅनिश जाणणारा माणूस लागतो. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून अशा माणसांना इतरांहून बरा पगार मिळतो, ही गोष्ट कानोंकानीं पसरलेली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषांच्या विभागांत स्पॅनिश शिकविली जाते. पण सकाळची गाडी गांठून रात्रीं परतणाऱ्या बदलापूरच्या कारकुनाला पुण्याचा वर्ग काय कामाचा? २०११ च्या शिरगणतींत उल्हासनगरची वस्ती ५ लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या घरांत आणि कुळगांव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. एवढ्या वस्तीला घरबसल्या मिळणारी शिकवणी हवीशी वाटावी, यांत नवल नाहीं.

शिवाय या तीन गांवांपैकीं उल्हासनगराचें स्पॅनिश मुलखाशीं एक जुनें, आडवळणाचें नातेंहि आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करासाठीं छावणी उभारली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथें आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या शहराचा पाया घातला गेला आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीची आठवण म्हणून तेथील भागांना आजहि एक ते पांच अशा कँपांच्या नंबरांनींच ओळखतात.

या निर्वासितांच्या सिंधमध्यें हैद्राबाद म्हणून एक शहर आहे. १८४३ मध्यें सिंध इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यानंतर त्या हैद्राबादेचे भाईबंद व्यापारी आपल्याकडील कारागिरीचा माल घेऊन प्रथम मुंबईस आणि तेथून आगबोटींनीं परदेशीं जाऊं लागले. त्या मालाला 'सिंध वर्क' म्हणत, म्हणून व्यापाऱ्यांना सिंधवर्की हें नांव पडलें. पुढील दोन पिढ्यांत त्यांच्या पेढ्यांच्या शाखा इजिप्त, माल्टा, जिब्राल्टर अशा करीत कॅनरी बेटांतल्या तेनेरीफपर्यंत आणि अटलांटिकपलीकडे पनामापर्यंत पोंचल्या. क्लॉड मार्कोविट्स या इतिहासकाराचा या व्यापाऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ २००० सालीं प्रसिद्ध झाला; त्याच्या नांवांतच बुखारापासून पनामापर्यंतची ही वाटचाल नोंदलेली आहे. तेनेरीफ आणि पनामा या दोन्ही ठिकाणीं बाजाराची भाषा स्पॅनिश. तेथें गेलेल्या सिंधी तरुणांना ती कोणत्याहि वर्गांत जाऊन शिकतां येणार नव्हती; गिऱ्हाइकाशीं बोलतां बोलतांच ती त्यांच्या जिभेवर बसली.

उल्हासनगरांत आलेलीं सारींच कुटुंबें अशा पेढ्यांचीं नव्हतीं. पुष्कळशीं तर सर्वस्व मागें टाकून आलेलीं होतीं. तरी या पेढ्यांच्या व्यवहारांतली एक गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. मालक हैद्राबादला आणि दुकान हजारों मैलांवर, अशी ती रचना होती. नोकर मुदतबंद करारावर परदेशीं जात व मुदत संपली कीं घरीं परतत. इतक्या दूरवर कोणाला पाठवावें, हें बहुधा ओळखपाळख आणि नातेंगोतें पाहून ठरे. अशा जागीं एखाद्या तरुणाचें नांव सुचविणें म्हणजे नुसते शब्द खर्च करणें नव्हे. तो तरुण नीट वागला तर सुचविणाऱ्याची पत वाढते. त्यानें गल्ला लांबविला तर सुचविणाऱ्याला त्याच गल्लींत मान खालीं घालून राहावें लागतें. शिफारशीचें फळ शिफारशीच्या दिवशीं ठरत नसे. तें मुदत संपल्यावर ठरे.

आजच्या लिंकची गोष्ट नेमकी उलट आहे. या पद्धतीला जगभर चालना मिळाली ती १९९६ च्या जुलैंत, जेव्हां अमेरिकेंतल्या ॲमेझॉन या पुस्तकविक्रीच्या कंपनीनें इतरांच्या पानांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल त्यांना कमिशन देऊं केलें. त्यामागची युक्ति सोपी आहे. प्रत्येक शिफारस करणाऱ्याला निराळी लिंक दिली जाते. तिच्यावर बोट ठेवतांच वाचणाऱ्याच्या मोबाइलमध्यें कुकी नांवाची एक बारीकशी नोंद राहते. ती कोठें चोवीस तास, कोठें तीस दिवस टिकते. तेवढ्या अवधींत खरेदी झाली तर ती त्या शिफारशीच्या खात्यावर जमा होते. दोघांच्या लिंकवर बोट पडलें असेल तर बहुधा शेवटच्याला श्रेय मिळतें. म्हणजे ज्यानें तासभर बसून सर्व समजावून दिलें तो रिकामा राहावा, आणि ज्यानें अखेरच्या क्षणीं सवलतीचा आंकडा पुढें केला तो पैसे घेऊन जावा, असेंहि घडूं शकतें.

पुस्तकाच्या बाबतींत या पद्धतीनें फारसें बिघडत नाहीं. पुस्तक घरीं आलें, आवडलें नाहीं, तर नुकसान दोनतीनशें रुपयांचें. शिकवणीचें तसें नाहीं. शिकवणी ही विकत घेतल्यानें मिळत नाहीं. फी भरल्यानें केवळ शिकण्याची संधि मिळते. उदाहरणादाखल एका कोर्सची फी १२,००० रुपये आणि कमिशन २० टक्के, म्हणजे २,४०० रुपये, असें धरावें. एका गृहस्थानें आपल्या ओळखींतल्या दहा घरांना तो कोर्स घ्यावयास लावला. त्याला २४,००० रुपये मिळाले. पहिल्या महिन्यानंतर त्यांतल्या सात घरीं शिकणें बंद पडलें. सात घरांचे मिळून ८४,००० रुपये जवळजवळ पाण्यांत गेले; शिफारस करणाऱ्याचा मात्र एक पैसाहि कमी झाला नाहीं. कोणीं कोणाला फसविलें, असा प्रश्न विचारला तर उत्तर सांपडत नाहीं. कोर्स खरा होता, शिकविणारे खरे होते. पण दहा घरांपैकीं कोणाला ही शिकवणी झेपेल आणि कोणाला नाहीं, हें पाहण्यासाठीं कोणालाच कांहीं मोबदला नव्हता. ज्या गोष्टीला मोबदला नाहीं ती बाजारांत आपोआप होत नाहीं.

अशी शिकवणी चालविणाऱ्यानें, आणि तिची शिफारस करणाऱ्यानें, काय जाणलें पाहिजे, हें स्पॅनिशच्या उदाहरणानेंच स्पष्ट होईल. घरबसल्या मिळणारे पुष्कळसे कोर्स इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून रचलेले असतात. मराठी माणसाला इंग्रजीच्या वाटेनें स्पॅनिश शिकविणें म्हणजे कल्याणहून अंबरनाथला जाण्यासाठीं कसाऱ्याची गाडी पकडणें होय. स्पॅनिशमधले त आणि द हे मराठीसारखेच दांतांवर जीभ टेकवून उच्चारावयाचे. स्वर मुख्यतः पांच, आणि लिहिलें असेल तसें बहुधा वाचावयाचें. इंग्रजींतला विद्यार्थी 'मला चहा आवडतो' हें वाक्य स्पॅनिशमध्यें करतांना गोंधळतो, कारण त्याच्या भाषेंत आवडून घेणारा माणूस हा कर्ता असतो. स्पॅनिशमध्यें 'मे गुस्ता एल ते' असें म्हणतात. 'मे' म्हणजे मला. आणि क्रियापद चालतें तें चहाच्या मागें. चहाच्या जागीं आंबे आले कीं मराठींत 'आवडतो'चें 'आवडतात' होतें, तसेंच तेथें 'गुस्ता'चें 'गुस्तान' होतें. मराठी मुलाला हें एका मिनिटांत उमगतें. तें त्याच्या घरचेंच वाक्य आहे. मराठींत 'तूं' आणि 'आपण' यांत जो भेद आहे, तो तेथें 'तू' आणि 'उस्तेद' यांत आहे. नामांना लिंग तेथेंहि आहे. मराठींत तीन, तेथें दोन. १५३४ ते १७३९ पर्यंत वसईस असलेल्या पोर्तुगीजांची भाषा ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यांच्याकडूनच पाव, चावी, बटाटा हे शब्द मराठींत आले. म्हणून स्पॅनिशमध्यें पावाला 'पान' आणि बटाट्याला 'पाताता' म्हणतात हें ऐकून मराठी घरांतल्या मुलांना परकें वाटत नाहीं.

अडचणीहि निराळ्या आहेत. मराठींतल्या 'असणें' या एका क्रियापदाच्या जागीं स्पॅनिशमध्यें 'सेर' आणि 'एस्तार' अशीं दोन आहेत. स्वभावानें असणें एक, आणि तूर्त असणें दुसरें. तेथें आपला विद्यार्थी हटकून अडखळतो. ह हें अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहींत. ज्याला या गोष्टी ठाऊक आहेत तो शिफारस करतांना सांगूं शकतो कीं, 'हा कोर्स इंग्रजींतून आहे. तुमच्या मुलीचें इंग्रजी कच्चें असेल तर तिच्यावर दोन भाषांचें ओझें पडेल.' ज्याला ठाऊक नाहीं तो 'फार सोपें आहे' एवढेंच सांगतो.

दुसरी जाणून घेण्याची गोष्ट वेळेची. अमेरिकन सरकार आपल्या वकिलातींतल्या लोकांना परकीय भाषा शिकवितें. इंग्रजी जाणणाऱ्याला स्पॅनिशमध्यें कामापुरतें नीट प्रावीण्य येण्यास तेथें ६०० ते ७५० तासांचें शिक्षण धरलेलें आहे. आणि स्पॅनिशची गणना तेथें सोप्या भाषांत होते! रोज गाडींत अर्धा तास अभ्यास करणाऱ्याला ६०० तास भरण्यास १,२०० दिवस, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. 'तीन महिन्यांत स्पॅनिश आणि हातीं नोकरी' हें वाक्य लिहिणाऱ्यानें ही त्रैराशिकाची साधी रीत एकदां तरी करून पाहावी. तीन महिन्यांत नमस्कार-चमत्कार, बाजारहाट, स्वतःची ओळख एवढें येऊं शकतें, आणि तेंहि कांहीं थोडें नव्हे. पण जें तेवढेंच आहे त्याला तेवढेंच म्हणावें.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. युरोपच्या कौन्सिलानें २००१ सालीं भाषाज्ञानाच्या ज्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्यांना ए-१ पासून सी-२ पर्यंत नांवें आहेत. स्पेन सरकारनें १९९१ मध्यें स्थापिलेल्या सेर्वान्तेस संस्थेमार्फत या पायऱ्यांवर 'देले' नांवाच्या परीक्षा होतात. त्या संस्थेचें एक केंद्र नव्या दिल्लींत आहे. देलेचें प्रमाणपत्र कायमचें असतें. 'सिएले' नांवाची दुसरी परीक्षा २०१६ मध्यें सुरू झाली. तिचें प्रमाणपत्र पांच वर्षें चालतें. कोर्स संपल्यावर शिकवणीवाले जो कागद देतात, तो या दोहोंपैकीं कोणताच नव्हे. तो कागद भिंतीवर शोभतो. कचेरींत चालेलच असें नाहीं. शिफारस करणाऱ्यानें हा फरक सांगितला नाहीं, तर घरच्या माणसांना तो फी भरल्यानंतर वर्षानें, मुलाखतीच्या खोलीबाहेर समजतो.

तेव्हां शिफारशीची दलाली चालविणाऱ्यानें प्रथम कमिशनाची रक्कम नव्हे, तर कमिशनाचा मुहूर्त ठरवावा. वरच्याच उदाहरणांतले २,४०० रुपये एकदम न देतां त्यांचे आठशें-आठशेंचे तीन हप्ते करावे. पहिला हप्ता फी परत मागण्याची मुदत टळल्यावर. दुसरा विद्यार्थ्यानें निम्मे पाठ पुरे केल्यावर. तिसरा त्यानें पहिल्या पायरीची परीक्षा दिल्यावर. आतां दहांपैकीं सात विद्यार्थी पहिल्या महिन्यानंतर गळले, तर शिफारस करणाऱ्याला दहांचे ८,००० आणि टिकलेल्या तिघांचे ४,८०० असे १२,८०० रुपये मिळतील. त्यानें पाहून-सवरून, विचारपूस करून अशीं दहा घरें निवडलीं कीं त्यांतले सात विद्यार्थी टिकले, तर त्याला १९,२०० रुपये मिळतील. दोहोंतला ६,४०० रुपयांचा फरक हें त्याच्या विचारपुशीचें मोल. पैसे तेच, माणसें तींच. पण आतां 'तुम्हांला वेळ किती मिळतो?' हा प्रश्न विचारणें त्याच्या हिताचें झालें. अध्यापकांचेंहि यांत हितच आहे. अर्ध्यांतून सोडून गेलेला विद्यार्थी शिकवणीचें नांव कोठें काढील तर तें वाईटच काढील.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. विद्यार्थी आळशी निघाला, आजारी पडला, लग्न होऊन दुसऱ्या गांवीं गेला, तर त्यांत शिफारस करणाऱ्याचा काय दोष? त्याचे हप्ते कां बुडावे? उत्तर असें कीं, एका विद्यार्थ्याबाबत हें अन्यायाचें होऊं शकतें. म्हणूनच पहिला हप्ता त्याच्या हातीं पडावाच. परंतु दहावीस विद्यार्थ्यांच्या हिशेबांत आजार आणि लग्नें सर्वांच्याच वांट्याला सारखीं येतात. उरतो तो निवडीचा फरक. आणि धोका कोणीं तरी सोसावयाचाच असेल, तर ज्याला कोर्सची माहिती आहे त्यानें थोडा सोसावा हें, ज्याला कांहींच माहीत नाहीं त्या घरानें सारा सोसण्यापेक्षां बरें.

दुसरा निर्णय, शिफारस करण्याचा अधिकार कोणाला द्यावा, हा होय. ज्याच्या शब्दाला समोरचा माणूस नाहीं म्हणूं शकत नाहीं, त्याला तो देऊं नये. शाळेंतल्या शिक्षकानें आपल्याच वर्गांतल्या मुलांच्या पालकांना लिंक पाठविली, कचेरींतल्या वरिष्ठानें हाताखालच्या माणसांना पाठविली, तर ती शिफारस राहत नाहीं. ती भीड होते. भीड ही भिकेची बहीण असें मराठींत म्हणतात. येथें ती दुसऱ्याला भिकेस लावणारी ठरते. ज्यानें स्वतः त्या कोर्सचे निदान कांहीं पाठ केलेले नाहींत, त्यालाहि हा अधिकार नसावा. 'मीहि शिकतों आहे' हें वाक्य लिहिणाऱ्यानें खरोखर शिकत असावें, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.

तिसरा निर्णय मोहाचा आहे. शिफारस करणाऱ्यानें आणखी शिफारस करणारे आणावे आणि त्यांच्या कमाईंतहि त्याला हिस्सा मिळावा, अशी कल्पना चालकांना केव्हां ना केव्हां सुचतेच. तेथून शिकवणी मागें पडते आणि माणसें जमविण्याचा धंदा पुढें येतो. अशा साखळीनें पैसे फिरविण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानें बंदी घातलेली आहे. आणि डिसेंबर २०२१ मध्यें प्रत्यक्ष विक्रीसंबंधींचे जे नियम झाले त्यांनींहि अशा मनोऱ्यांना मनाई केली आहे. ज्याला स्पॅनिश शिकवावयाची आहे, त्यानें या पायरीपासून दूरच राहावें.

चौथी गोष्ट उघडपणाची. आणि तींत निर्णयाला जागाच नाहीं, कारण कायद्यानें तो आधींच दिलेला आहे. ग्राहक संरक्षणाचा कायदा २०१९ मध्यें झाला. त्याखालीं स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणानें ९ जून २०२२ रोजीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. वस्तूची वाखाणणी करणारा आणि ती विकणारा यांच्यामध्यें लोकांच्या मतावर परिणाम करील असा कांहीं संबंध असेल, तर तो पूर्णपणें उघड केला पाहिजे, असें तीं सांगतात. खोट्या वा दिशाभुलीच्या जाहिरातीबद्दल विकणाऱ्याला, तसाच वाखाणणाऱ्यालाहि, १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हां तसें केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. वाखाणणाऱ्यानें आपण वाखाणतों त्या गोष्टीची नीट चौकशी केली असेल, तर मात्र कायदा त्याला दंडांतून सोडतो. म्हणजे पुन्हां तीच गोष्ट: चौकशी.

कायद्याचा धाक असो वा नसो, या भागांतल्या माणसाला शिक्का आणि माल यांतला फरक कोणीं शिकवावयास नको. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' असें छापतात आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, हा विनोद मुंबईंत फार वर्षें चालत आला आहे. विनोद करणारे एक गोष्ट विसरतात. ज्यांच्याजवळ घरदार, कागदपत्र, सावकार यांपैकीं कांहींच उरलें नव्हतें, त्या माणसांनीं छावणीच्या बराकींतून एवढें शहर उभें केलें, तें नुसत्या शिक्क्यावर उभें राहिलें नसतें. उधारीवर माल देणाऱ्याला दिलेला शब्द त्यांनीं पाळला, तेव्हांच दुसरी उधारी मिळाली. पतीखेरीज भांडवल नव्हतें. म्हणून पत मोडून खाणें परवडणारें नव्हतें.

शिफारस करून चार पैसे मिळविणाऱ्या आजच्या तरुणाचीहि स्थिति याहून निराळी नाहीं. त्याला दुकान नाहीं, माल नाहीं, गुंतवणूक नाहीं. त्याच्याजवळ आहे तें एवढेंच कीं, त्याच्या इमारतींतल्या, त्याच्या डब्यांतल्या, त्याच्या जुन्या वर्गांतल्या शेंदीडशें माणसांचा त्याच्या बोलण्यावर विश्वास आहे. हें भांडवल एकदांच मोडतां येतें. मोठ्या शहरांत जाहिरात करणारा माणूस फसलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हां भेटत नाहीं. बदलापूरच्या माणसाला तें गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशीं सकाळीं फलाटावर भेटतें, आणि त्याच डब्यांत चढतें.

म्हणून या व्यवहाराची परीक्षा अगदीं साध्या संभाषणांत होते. शेजारच्या काकू विचारतात, 'काय रे, आमच्या मुलीनें हा कोर्स घेतला तर तुला यांतून कांहीं मिळतें का?' तो मुलगा सांगतो, 'हो काकू. एकंदर दोन हजार चारशें मिळतात. पण ती टिकली तरच सगळे. तिला रोज अर्धा तास मिळणार असेल तर घ्या. परीक्षा आहे तिची, ती होऊं द्या; मग बघूं.' त्या दिवशीं त्याची विक्री होत नाहीं. पण परीक्षा आटोपल्यावर काकू त्यालाच विचारावयास येतात, आणि आणखी दोन घरांना त्याचें नांव सांगतात. त्या दोन घरीं त्यानें पाठविलेली लिंक लोक न विचारतां उघडतात. कारण तिच्यांत गुंफलेली खूण कोणाची, हें त्यांना आधींच माहीत असतें.